तिवईचा तिसरा पाय

मी एक जुनी तिवई आहे. मित्रांनो, हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढं घागर ठेवायची बुटकी तिवई आली असेल. ती माझी लांबची बहीण. मी तुमच्या छातीइतकी उंच, आणि माझ्या डोक्यावर घागर नसते, दुर्बीण असते. माणसाचा हात थरथरतो, श्वासाबरोबर हलतो. माझं डोकं हलत नाही. म्हणून लांबचा पक्षी नीट बघायचा तर माणसाला मी लागते. दोन पायांना जमत नाही ते तीन पायांना जमतं, एवढाच माझा मोठेपणा.

आणि कमीपणा विचाराल, तर तोही पायांतच आहे. माझा तिसरा पाय घसरतो. त्या पायाचीच ही गोष्ट.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेतला. तिथल्या एका फाउंड्रीत भरमू नावाचा कामगार साचे भरायचा. काळी ओलसर वाळू चाळायची, लाकडी नमुन्याभोवती ठोकून ठोकून बसवायची, नमुना अलगद वर उचलायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. पोकळी जशी, तशी वस्तू. म्हणजे मित्रांनो, जन्मायच्या आधी मी एक रिकामी जागा होते. भरमूनं ती जागा मोठ्या मायेनं राखली होती.

त्याला कारण होतं. भरमूची मुलगी मंगल वासंतीबाईंच्या वर्गात होती. बाई जीवशास्त्र शिकवायच्या आणि रविवारी मुलांना मच्छे गावच्या तळ्यावर पक्षी दाखवायला आणायच्या. त्यांच्याकडं एका नळीची मोठी दुर्बीण होती, पण ती ठेवायला काही नव्हतं. मग मंगलच्या खांद्यावर दुर्बीण ठेवायची आणि बाकीच्यांनी रांगेनं बघायचं. एका रविवारी मंगल घरी आली ती लाल खांदा घेऊन.

"काय झालं गं?" भरमूनं विचारलं.

"काय न्हाय आप्पा. सगळ्यांनी बगळा बघितला."

"आणि तू?"

"मी कशी बघू? माझ्याच तर खांद्यावर होती!"

पुढच्या शनिवारी, दिवसभराचं काम उरकल्यावर, मालकाला विचारून भरमूनं लोखंडी नळ्यांचे तीन पाय बेतले आणि उरलेल्या ॲल्युमिनियममध्ये माझं डोकं ओतलं. धातू जरा निवला होता. त्यामुळं माझ्या डोक्याला जे तीन कान आहेत, पाय अडकवायचे, त्यांतल्या तिसऱ्या कानात हवेचा बुडबुडा अडकला आणि एक भोक राहिलं. फाउंड्रीत अशी वस्तू बाजूला फेकतात. भरमूनं मला उजेडात धरलं, भोकात करंगळीचं नख घालून बघितलं आणि म्हणाला, "माणसाला तीळ असतोय, तुला भोक. चालतंय की."

पण त्या भोकामुळं तिसऱ्या पायाचा स्क्रू घट्ट बसेना. भरमूनं जुन्या चपलेच्या कातड्याची चकती कापून आत घातली. तरी पाय हळूहळू वर घसरून आखूड व्हायचाच. मग जिथं जाईल तिथं, मला उभं केलं की भरमूनं आणि त्याचं बघून बाईंनीही एक सवय लावून घेतली. खाली वाकायचं, जवळचा एखादा चपटा दगड उचलायचा आणि माझ्या तिसऱ्या पायाखाली सारायचा. ही सवय लक्षात ठेवा, मित्रांनो.

वीस वर्षं मी बाईंची दुर्बीण डोक्यावर वागवली. पहिल्याच रविवारी मंगलनं पोटभर बगळा बघितला. त्यानंतर किती डोळे आले माझ्याजवळ! काजळाचे, चष्म्याचे, झोपाळलेले. दुर्बीण माझी सखी, पण जरा गर्वाची. ती आभाळाची, मी मातीची. ती सांगायची, "आज चित्रबलाक बघितला, गुलाबी पिसांचा." मी सांगायची, "आज माझ्या पायाशी जलपिंपळी फुलली होती. मोहरीच्या दाण्याएवढी फुलं, जांभळ्या टिकलीभोवती गोल बसलेली." ती हसायची. बघणारे सगळे तिच्यातून बघायचे. माझ्या पायाशी कोण बघतो? पण मला त्याचं वाईट वाटत नसे. काटेरिंगणीचं जांभळं, सराट्याचं पिवळं, विष्णुक्रांतेचं निळं, ही माझी ठेव होती. पाखरं तिची, फुलं माझी. अशी आमची वाटणी.

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या मुलानं पुण्याहून एक नवी तिवई आणली. काळी, नाजूक, करंगळीनं उचलेल इतकी हलकी. तिचे तिन्ही पाय टक्कन बसायचे. मी परसात गेले. तिथं चिमण्यांच्या पाण्याची परळ माझ्या डोक्यावर आली. तेही काम बरं होतं. पण एक दिवस तिसरा पाय घसरला, परळ पडून फुटली. नवी परळ बाईंनी भिंतीवर ठेवली आणि मी भिंतीला टेकून राहिले. तीन पावसाळे. शेवटी ठरलं, की सोमवारी भंगारवाला येईल तेव्हा मला द्यायचं. बाईंनी जाता जाता माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो. त्यात माया होती, पण निरोपही होता.

तो सोमवार यायच्या आधी शनिवार आला, आणि शनिवारी प्रवास निघाला.

गेल्या वर्षीचा मे महिना. बाईंची नात केतकी सुट्टीला आली होती. अकरा वर्षांची, बडबडी. उत्तरेकडं निपाणीपर्यंत जायचं, वाटेतली पाणथळं बघायची, पाखरं आणि रानफुलं वहीत उतरवायची, असा बेत होता. बोरगावजवळ आण्णासाहेबांच्या घरी मुक्काम. आण्णासाहेब म्हणजे जैन शेतकरी. त्यांची मुलगी रूपाली एकेकाळी बेळगावात शिकायला होती, बाईंच्याच वर्गात. भरमूही आता निवृत्त होता. त्याची जुनी ओम्नी होती, तीच गाडी, तोच चालक.

"लोक उन्हाळ्यात उत्तरेला जातात ते काश्मीरला," केतकी म्हणाली. "आमची आजी उत्तरेला जाते ती निपाणीला!"

"काश्मीरची तळी काश्मीरच्या नाती बघतील," बाई म्हणाल्या. "आपली कोण बघणार?"

भरमूनं नवी तिवई गाडीत ठेवताना हातात तोलून बघितली. "बाई, ह्ये तिकाटणं हाय का उदबत्तीचं घर?" मग परसात येऊन त्यानं मला उचललं आणि मागच्या सीटखाली सरकवलं.

"अहो भरमाण्णा, ती भंगारात द्यायची आहे."

"सोमवारी द्या की. आज शनिवार हाय."

अशी मी निघाले. सीटखालून मला रस्ता दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. काकतीच्या पुढं डोंगराचा गार वारा, मग मोकळं रान. एका तळ्याशी गाडी थांबली. पांढरी कुमुदिनी फुलली होती म्हणे, पाकळ्यांना झालर लावल्यासारखी. केतकी तोडायला धावली तशी बाईंचा आवाज आला, "हातानं नाही, पेन्सिलीनं घ्यायचं!" मग बराच वेळ कागदावर पेन्सिल खरखरत राहिली.

दुपारी हिडकलच्या धरणामागच्या पाण्याशी पोचलो. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि चिखलाची बेटं उघडी पडतात. तिथं नदीसुरय बसले होते, पिवळ्या चोचीचे, काळ्या टोपीचे. बाईंनी नवी तिवई उभी केली, दुर्बीण चढवली. पाण्यावरून वाऱ्याचा एक झोत आला आणि तिवई दुर्बिणीसकट कलली. भरमूनं झेप घेऊन दुर्बीण झेलली. तिवईचा मात्र एक पाय दगडावर आपटून मोडला.

मग केतकी म्हणाली, "भरमूआजोबा, सोमवार यायला अजून दोन दिवस आहेत ना?"

मला बाहेर काढलं. माझं डोकं पुसलं. दुर्बीण वर बसली तेव्हा तिचं वजन मला असं लागलं, जसा माहेरी आलेल्या लेकीचा हात. भरमूनं वाकून चपटा दगड शोधला, तिसऱ्या पायाखाली सारला. मी उभी राहिले. वारा आला, गेला.

नव्या तिवईवर मी हसले नाही, मित्रांनो. तिला कोणी वाऱ्याची सवय दिली नव्हती, एवढंच.

संध्याकाळी घाई झाली. आण्णासाहेबांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होतं. सूर्य गेला की चूल बंद, ताटं बंद. संकेश्वर, निपाणी मागं टाकत भरमूनं ओम्नी अशी पळवली, की पोचलो तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यावर होता. आण्णासाहेबांच्या पत्नी अक्काताई दारातच उभ्या. "हात धुवा आणि बसा बाई, बोलायचं मागनं. सूर्य काय आपला पावणा न्हाय थांबायला."

जेवता जेवता आण्णासाहेबांनी सांगितलं, की त्यांच्या रानाला लागून जे तळं आहे ते आता अर्धं आटलंय. उद्या दुपारपासून ट्रॅक्टर लावून तळ्यातला गाळ शेतात न्यायचा. "तळं भरायच्या आत गाळ पडला पायजे बाई, न्हायतर यंदा रान उपाशी ऱ्हातंय. सकाळी तुमची पाखरं बघून घ्या."

सकाळी नऊला आम्ही तळ्यावर. आटलेल्या तळ्याचा तळ म्हणजे भेगाळलेली माती, मधूनच बारीक खडीचे उंचवटे आणि पाण्याच्या कडेनं जलपिंपळीची हिरवी चटई. आम्ही पाय टाकताच डोक्यावर एक टिटवी कलकलाट करत फिरायला लागली. टिटी-टिवू, टिटी-टिवू!

"हिची अंडी इथंच कुठंतरी असणार," बाई म्हणाल्या. "कोणी पुढं जाऊ नका. ती कुठं उतरते बघा."

टिटवी ओरडत लांब गेली, शंभर पावलांवर खाली उतरली, इकडंतिकडं बघितलं आणि अंग फुगवून जमिनीवर बसली.

"ते बघ! तिथं घरटं आहे तिचं," बाई केतकीला म्हणाल्या. "आपण त्या बाजूला फिरकायचंच नाही. आण्णासाहेब, दुपारी तुमचा ट्रॅक्टरही तिकडं जाऊ देऊ नका."

"न्हाय जायाचा. हिकडनं, ह्या अंगानं न्हेऊ," आण्णासाहेबांनी आमच्या पायाखालची वाट दाखवली.

मग बाईंनी मला एका खडीच्या उंचवट्यावर उभं केलं, म्हणजे पाण्यापलीकडचं नीट दिसेल. भरमू ट्रॅक्टरवाल्या परशरामाशी बोलत होता, त्यामुळं बाईंनीच माझे पाय मातीत रोवले. दगड सारायचा राहिला. दुर्बीण पलीकडच्या चिखलावर रोखली गेली. तिथं शेकाटे होते, लाल काटक्यांसारख्या उंच पायांचे, आणि त्यांची कापसाच्या बोंडासारखी पिल्लं.

आणि मी, सवयीनं, खाली बघितलं.

माझ्या तिसऱ्या पायापासून वीतभर अंतरावर चार अंडी होती.

मित्रांनो, टिटवी घरटं बांधत नाही. खडीच्या उंचवट्यावर चार खडे इकडं, चार खडे तिकडं सारते आणि मधे अंडी घालते. मातीच्या रंगाची, वर काळपट ठिपके. चार दगडांत चार दगड. टिटवीनं आम्हांला फसवलं होतं. पलीकडं ती रिकाम्या जमिनीवर बसली होती, अंडी असल्याचं सोंग आणून. बाईंना पाखरं कळत होती, म्हणूनच त्या फसल्या. अडाणी माणूस फसला नसता, त्यानं लक्षच दिलं नसतं. आणि ज्या उंचवट्यावरून तळं छान दिसतं म्हणून बाईंनी मला रोवलं, तोच उंचवटा टिटवीनंही पाणी चढणार नाही म्हणून निवडला होता. दोघींची नजर सारखी.

ऊन चढत होतं. टिटवीनं पुन्हा आमच्या डोक्यावर येऊन आकांत मांडला.

"गप की गं बया," भरमू वर बघून म्हणाला. "तुझ्या घराकडं कोण आलंय?"

तिच्या घरातच आम्ही उभे होतो! मला ओरडायचं होतं. पण मला तोंड कुठलं? दुर्बिणीला डोळा आहे, तिला मी विनवलं, "अगं, एकदा खाली बघ." ती म्हणाली, "मला जवळचं दिसत नाही गं."

इकडं हसणंखिदळणं चाललं होतं. केतकीचं बघून झालं, मग आण्णासाहेब आले. डोळा लावला आणि म्हणाले, "बाई, सगळा अंधारच हाय की."

"आण्णा, उघडा डोळा लावायचा! तुम्ही मिटलेला लावलाय," केतकी म्हणाली. अक्काताई पदर तोंडाला लावून हसल्या. "त्यांचं लग्नाआधीपास्नं असंच हाय."

मग परशराम, मग भरमू, मग पुन्हा केतकी. अर्धा तास झाला. मे महिन्याच्या उन्हात उघड्या अंड्याला अर्धा तास म्हणजे किती, हे माझ्या पायांना कळत होतं. माती तव्यासारखी तापली होती. टिटवी असती तर पाण्यात पोट भिजवून आली असती, ओलं पोट अंड्यांवर टेकवून सावली धरून बसली असती. तिच्या जागी मी होते. लोखंडी, कोरडी, कडक.

माझ्याजवळ देण्यासारखं एकच होतं, माझी सावली. काठीएवढी बारीक. तिसऱ्या पायाची सावली त्या अंड्यांवरून सरकत होती. एक अंडं झाकायचं तर दुसरं उघडं पडायचं. पहिलं अंडं तर सर्वांत आधी उघडं पडलं. मला वाटलं, माझे पाय हातभर रुंद असते तर! सूर्य सरकला, सावली सरकली, चौथ्या अंड्यावरूनही उतरली.

आता काही उरलं नाही, असं मला वाटलं तेव्हाच तिसरा पाय सुटला.

मी सोडला की तो आपणहून घसरला, हे मला आजही सांगता येत नाही. ऊन लागून चकतीचं कातडं आकसलं असेल. एवढं खरं, की आयुष्यभर ज्या पायाची मला लाज वाटली, तो सर्रकन आत गेला आणि दुर्बिणीचं तोंड वर झालं.

"बाई, पाखरं उडाली वाटतं," पुन्हा डोळा लावलेले आण्णासाहेब म्हणाले. "नुसतं आभाळ दिसाय लागलंय."

"उडाली न्हाईत, ह्येचा पाय घसरला," भरमू म्हणाला. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय." तो गुडघ्यावर बसला, स्क्रू पिळला, आणि सवयीनं पायाखाली सारायला चपटा दगड शोधत त्यानं न बघताच जमिनीवरून हात फिरवला.

हात थांबला.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला. "ह्यो धोंडा न्हवं."

बाई वाकल्या. त्यांना आधी दिसलंच नाही. मग एक दिसलं, दोन, चार. त्यांचा चेहरा उतरला. पस्तीस वर्षं मुलांना पाखरं शिकवलेल्या बाई दोन्ही हात मातीत टेकून खाली बसल्या.

"मी फसले गं केतकी. आणि मीच सगळ्यांना इथं उभं केलं."

"आजी, जिवंत असतील ना?"

"आधी निघा इथून. सगळे. पळू नका, माझ्या मागं या, पाय बघून टाका."

भरमूनं मला दुर्बिणीसकट खांद्यावर घेतलं. बांधावरच्या बाभळीच्या सावलीत सगळे बसले. कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. आण्णासाहेबांनी परशरामाला हातानंच खूण केली, ट्रॅक्टर चालू करू नको. मला तिथं उभं केलं, यावेळी दगड सारून. केतकीनं डोळा लावला. अक्काताई मान हलवत हळूच गुणगुणायला लागल्या. ओवी त्यांना जुळवावी लागली नाही, आपोआप आली:

"टिटवीचं घर बाई, न्हाई दार न्हाई भिंत,
उघड्या माळावरी, चार जीवांची तिला चिंत."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. टिटवी पाण्याकडं गेली. नुसती पायापर्यंत नाही, पोट बुडेपर्यंत आत गेली. मग निथळत, दोन पावलं चालत, थांबत, बघत, त्या उंचवट्यावर आली. आणि बसली.

"आजी, तिच्या पोटातून पाणी गळतंय," केतकी म्हणाली. "थेंब दिसतायत मला. थेंब."

बाईंनी मग दुर्बिणीला डोळा लावला, पण त्यांना काही दिसलं नसावं. त्यांचेच डोळे भरले होते.

अक्काताई उठल्या. त्यांच्या घरी उन्हाळाभर पाखरांना दाणापाणी ठेवायची रीत, पिढ्यान् पिढ्यांची. त्यांनी आणलेल्या पिशवीतून ज्वारीचा डबा काढला, पाण्याची वाटी काढली आणि त्या उंचवट्याकडं निघाल्या.

"कुठं अक्काताई?"

"कुठं म्हंजे? बाळंतिणीला दाणापाणी नको? आपल्या चुकीचं तेवढं तरी फिटंल."

बाईंनी त्यांचा हात धरला. "आजची चूक माझी आहे, म्हणून मला बोलायला तोंड नाही. पण ऐका. दाणे टाकले की कावळे येतील. दाणे संपले की त्यांना अंडी दिसतील."

अक्काताईंनी डबा छातीशी धरला. मग म्हणाल्या, "म्हंजे कावळ्याला जीव न्हाय व्हय?"

"आहे की. त्याला वाढा, पण दूर."

अक्काताईंनी विचार केला. मग डबा घेऊन तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, विहिरीकडच्या बांधावर गेल्या आणि तिथं मूठमूठ ज्वारी टाकली. थोड्याच वेळात कावळे तिकडं गोळा झाले. "जेवा रं," त्या त्यांना म्हणाल्या, "आणि हितंच ऱ्हावा."

राहिला प्रश्न गाळाचा. आण्णासाहेब डोकं खाजवत उभे होते. गाळ तर न्यायलाच हवा. पाऊस त्यांची वाट बघणार नव्हता. "चुन्यानं भोवती रिंगण मारू? परशरामाला लांबनं दिसंल."

"आणि कुत्र्यालाही दिसेल, माणसालाही," बाई म्हणाल्या. "ती अंडी कुणाला दिसत नाहीत, म्हणूनच ती वाचतात, आण्णासाहेब."

"मग ट्रॅक्टरवाल्याला कळायचं कसं?"

भरमूनं माझ्याकडं बघितलं. मग दुर्बीण सोडवली, बाईंच्या हातात दिली आणि मला उचलून अंड्यांपासून चांगली चाळीस पावलं अलीकडं, ट्रॅक्टर जिथून तळ्यात उतरतो तिथं नेऊन रोवलं. "परशराम, ह्या तिकाटण्याच्या पुढं चाक न्यायचं न्हाय. हितनं उजवीकडं वळायचं. का, ते इचारायचं न्हाय, कुणाला सांगायचं न्हाय."

"आणि पक्षी कशावरून बघायचे आपण?" केतकीनं विचारलं.

"माझ्या खांद्यावरून," बाई म्हणाल्या.

अक्काताईंनी माझ्या डोक्याला एक पिवळी चिंधी बांधली. बाईंनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. परसातला तो हात निरोपाचा होता. हा नव्हता.

त्यानंतर तीन आठवडे मी तिथं एकटी उभी होते. डोक्यावर दुर्बीण नव्हती, बघायला कोणी येत नव्हतं. दिवसभर ट्रॅक्टर यायचे, माझ्यापाशी वळायचे, धूळ उडवून जायचे. त्या उन्हात माझा रंग उडाला. पण मी मुळीच एकटी नव्हते. वेडे राघू माझ्या कानावर बसून माशा टिपायचे. खंड्या एकदा येऊन चोच पुसून गेला. पायाशी जलपिंपळीनं एक वेल पाठवली आणि तिसऱ्या पायाला एक वेढा घातला. टिटवी लांबून माझ्याकडं बघायची. सुरुवातीला ओरडायची, मग ओरडेनाशी झाली.

बाविसाव्या दिवशी सकाळी अक्काताई बांधावरूनच बघत होत्या, आणि एकदम हातातली पिशवी टाकून त्यांनी हाक मारली, "अवं, चालाय लागली बघा! दगडं चालाय लागली!"

तीन पिल्लं होती. ठिपक्यांची, लांब पायांची, आईमागं पळणारी.

चौथं अंडं तसंच राहिलं. ते पहिलं होतं, माझी सावली ज्याच्यावरून सर्वांत आधी सरकली ते. मी हे लपवून ठेवणार नाही, मित्रांनो. अर्ध्या तासाच्या हौसेला कधी कधी तेवढी किंमत पडते, आणि ती आपण देत नाही, दुसरं कोणीतरी देतं.

पुढच्या रविवारी ओम्नी पुन्हा बोरगावला आली. आण्णासाहेबांनी मला धुऊन पुसून घराच्या पुढच्या सोप्यात ठेवलं होतं. बाईंनी सुट्टी संपवून घरी गेलेल्या केतकीला फोनवर सगळं सांगितलं. न फुटलेल्या अंड्याचंही सांगितलं. मग पलीकडून केतकी म्हणाली, "आजी, वहीत चार काढू की तीन?"

"चार काढ," बाई म्हणाल्या. "तीन रंगव."

भरमूनं खिशातून एक नवा कोरा स्क्रू आणि पितळेची चकती काढली. "आणलंय बाई. आता ह्येचा पाय जन्मात घसरायचा न्हाय. पाच मिन्टांचं काम."

बाईंनी माझ्या तिसऱ्या पायावरून हात फिरवला. जलपिंपळीचा वाळका वेढा अजून तिथंच होता. तो त्यांनी काढला नाही.

"राहू दे, भरमाण्णा," त्या म्हणाल्या. "तेवढा एक पाय घसरू दे. त्या निमित्तानं माणूस खाली वाकतो."

तेव्हापासून मी पुन्हा बाईंबरोबर हिंडते. मला रोवायच्या आधी बाई आता एक करतात. गुडघे दुखत असले तरी खाली बसतात आणि माझे तीन पाय जिथं टेकणार त्या तिन्ही जागा हातानं चाचपून बघतात. सोबत आलेल्या मुलांनाही बसायला लावतात. कोणी हसलं तर म्हणतात, "हसा, पण बसा."

म्हणून मित्रांनो, तुम्हीही लांबचं बघायला जाल तेव्हा जरूर जा. आभाळ बघा, पाणी बघा, उंच पायांचे शेकाटे बघा. पण डोळा लावण्याआधी एकदा पायाखाली बघा. तुम्ही जिथं उभे आहात, ते कोणाचं तरी घर असेल. आणि डोक्यावर जी ओरडते आहे, ती उगीच ओरडत नसेल.